वास फुलाचा, बदनामी बाटलीची

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर संपादक मंडळातल्या मॅडम हा लेख वाचायच्या आधीच परत करतील. एक, मी पीत नाही. दोन, गॅदरिंगच्या आधी तिसऱ्या मजल्यावर रात्री अडीच वाजता जो 'धडाम' आवाज झाला आणि ज्याच्यासाठी रेक्टर सरांनी अख्ख्या विंगला थंडीत खाली उभं केलं, त्यातली बाटली माझी होती. आतला माल माझा नव्हता.

झालं असं होतं की शेजारच्या खोलीतल्या विद्वानांनी द्राक्षांचा रस काढला, त्यात मूठभर साखर आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट टाकलं, माझी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली मागून नेली आणि झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली. "आठ दिवसांनी वाईन तयार!" चौथ्या रात्री कपाटाचं दार उघडलं... आपोआप. भिंतीवरचा जांभळा डाग अजून आहे, कोणाला बघायचा असेल तर या.

आता हे पाहा मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार आहोत. बारावीत सगळ्यांनी ते समीकरण घोकलंय. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. म्हणजे 180 ग्रॅम साखरेतून 88 ग्रॅम वायू. त्या बाटलीत साधारण 200 ग्रॅम साखर होती असं धरलं तर पूर्ण आंबल्यावर जवळपास पन्नास लिटर वायू तयार होणार. दोन लिटरच्या बाटलीत पन्नास लिटर! हे गणित चौघांपैकी एकानंही केलं नाही, आणि त्या चौघांत दोघं केमिकलचे आहेत. सरांना राग दारूचा आला. मला राग गणिताचा आला.

पण हा लेख त्या बाटलीवर नाही. तो सुरू झाला माझ्या रूमपार्टनरमुळे. हा पठ्ठ्या उन्हाळ्यात इंटर्नशिपला पुण्याला गेला होता. तिथं कंपनीतल्या सीनिअर लोकांनी त्याला एका मायक्रोब्रूअरीत नेलं. परत आला तो एकच गोष्ट सांगत, "अरे, आंब्याचा वास येतो! संत्र्याचा येतो! फुलाचा येतो! आणि आत आंबा नाही, संत्रं नाही, काहीच नाही. नुसता हॉप नावाचा वेल." आणि एका ग्लासचे चारशे रुपये. मेसमध्ये दोन दिवस यावर वाद चालला. अर्ध्या पोरांचं म्हणणं, इसेन्स टाकत असतील. एकाचं म्हणणं, आंब्याचा रस टाकतात पण सांगत नाहीत. बाकीच्यांचं म्हणणं, चारशे रुपयांत कशाचाही वास येतो.

मला मात्र हा प्रश्न सोडवेना. फळ नसताना फळाचा वास येतो कुठून? म्हणून वाचायला लागलो. मेकॅनिकलचा पोरगा सुगंधावर वाचतोय म्हणून खोलीत पुष्कळ चेष्टा झाली. असो.

तर हॉप हा वेल आहे. दोरीवर चढवला तर पाच-सहा मीटर सहज जातो. भांगेच्या कुळातला, पण नशा त्याच्यात नाही. त्याच्या मादी वेलाला हिरव्या शंकूसारखी फुलं लागतात आणि त्या फुलाच्या पाकळ्या सोडवल्या की बुडाशी पिवळी भुकटी दिसते, अगदी हळदीसारखी. सगळी करामत त्या पिवळ्या भुकटीत. तिच्यात दोन प्रकारचा माल असतो. एक कडू आम्लं आणि दुसरं सुगंधी तेल. बिअर म्हणजे मुळात काय, तर जव भिजवून, मोड आणून, वाळवून, मग गरम पाण्यात त्याची साखर उतरवलेलं गोड पाणी. ते नुसतं आंबवलं तर मिळमिळीत गोडसर लागतं आणि लवकर नासतं. म्हणून त्यात हॉप उकळायचा. तासभर उकळला की आम्लांची रचना बदलते, ती पाण्यात उतरतात, कडूपणा येतो आणि नासवणाऱ्या बऱ्याच जंतूंना आळा बसतो. शेकडो वर्षं युरोपात हॉपचा मुख्य उपयोग हाच.

आता गंमत इथं आहे. तासभर उकळलं की सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं! कडू पाहिजे तर उकळा, वास पाहिजे तर उकळू नका. दोन्ही पाहिजे असेल तर? तर थोडा हॉप सुरुवातीला टाका, थोडा गॅस बंद केल्यावर, आणि उरलेला चक्क आंबवून झाल्यावर थंड बिअरमध्ये भिजत ठेवा. याला 'ड्राय हॉपिंग' म्हणतात. पुण्याच्या त्या चारशे रुपयांच्या ग्लासातला आंबा इथून आला.

हे मी मेसच्या मावशींना सांगितलं (त्यांना मी सगळंच सांगतो). मावशी म्हणाल्या, "मग यात काय नवीन हाय? गवती चहा कोणी आदी टाकतं का? आदन उतरवायचं, मग पाती टाकायची अन् वरून झाकण. उकळत ठेवला तर वास घरभर अन् कपात काईच नाई." मी गप्प झालो. मास ट्रान्सफरचं अख्खं प्रकरण या बाईनं एका कपात सांगितलं होतं. तुम्हीही करून बघा. धने कुटून एका भांड्यात अर्धा तास उकळा आणि दुसऱ्या भांड्यात कोमट पाण्यात झाकून ठेवा, मग दोन्हींचा वास घ्या. धन्याचं उदाहरण मुद्दाम देतोय, कारण धन्याच्या तेलात जे लिनालूल भरपूर असतं, तेच हॉपमध्येही सापडतं आणि फुलासारखा वास देतं. गुलाबात आणि आपल्या रोशा गवतात जे जिरॅनिऑल असतं तेही हॉपमध्ये आहे. कैरीला जो हिरवा, चिकासारखा वास येतो त्यातलं मायर्सिन तर हॉपच्या तेलात भरपूर. आणि काही जातींत गंधकाची अशी संयुगं आहेत की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला पिकलेल्या फळाचा भास होतो. म्हणजे माझा रूमपार्टनर खोटं बोलत नव्हता. आंबा नव्हताच, आंब्याचे नातेवाईक होते.

इथपर्यंत मला मजा वाटत होती. मग एक गोष्ट वाचली आणि मजा थांबली. हा फळाफुलांचा वास हॉपमध्ये आपोआप आलेला नाही. जुन्या युरोपियन हॉपचा वास बहुतेक गवतासारखा, मसाल्यासारखा. लिंबू-संत्र्याच्या अंगाचा वास देणारी 'कॅस्केड' ही जात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ओरेगॉनमधल्या संशोधकांनी तयार केली. काम सुरू झालं 1956 मध्ये आणि जात शेतकऱ्यांच्या हाती पडली 1972 मध्ये. सोळा वर्षं! सरकारी पगारावर, एका वेलाच्या वासामागे. इंग्लंडचा एक वेल, रशियाचा एक वेल, त्यांचे संकर, त्यांची संतती, रोग पडतो का, किती टिकतो, वास कसा. त्यानंतर तिथल्या लहान ब्रूअऱ्यांनी तो उचलला, आणि आज जगात कुठंही ग्लासातून संत्र्याचा वास आला की त्यामागे त्या सोळा वर्षांचा हात असतो. पुढं 2008 च्या सुमाराला 'सिट्रा' ही जात आली, तिच्यात तर आंबा-लिची सगळंच.

हे वाचताना मला माझी आजी आठवली.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात वसमतजवळ, पण आजोळ किनवट तालुक्यात, जंगलाच्या कडेला. लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये तिकडं गेलो की आजी पहाटे चार-साडेचारला उठून टोपली घेऊन निघायची. मोहाची फुलं रात्रीतून गळतात. उजाडायच्या आत झाडाखाली पिवळसर पांढरी रांगोळी पडलेली असते. फूल म्हणजे मनुक्यासारखं मांसल, दाबलं की गोड चिकट रस. वाळवलं की त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. आजी ती फुलं वाळवायची, भाजायची, तिळाबरोबर कुटून आम्हाला द्यायची, बैलाला चारायची, उरलेली बाजारात विकायची. आणि तो वास! ताज्या मोहाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही घेतला त्याला सांगता येणार नाही. नुकत्याच शिजलेल्या चांगल्या तांदळासारखा, त्यात मधासारखं काहीतरी. आता कळलं की हे उगीच वाटत नव्हतं. बासमती तांदळाला ज्या रसायनामुळं वास येतो, ते 2-असिटिल-1-पायरोलिन मोहाच्या फुलातही सापडलंय. वसमतच्या पोराला बासमतीचा वास किनवटच्या जंगलात भेटला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

आता याच आजीची दुसरी बाजू सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणं म्हणजे लबाडी होईल. माझे मोठे मामा दारूनं गेले. वय चाळीसच्या आत. ते पीत होते ती मोहाची नव्हती. काळा गूळ आणि नवसागर टाकलेली हातभट्टीची होती, पण घरात सगळ्यांनी शिव्या मोहाला दिल्या, कारण मोह दारात होता. माझी आई आजही मोहाचं नाव काढलं की उठून जाते. दिवसकार्य झाल्यावर एका काकांनी ते झाड तोडायची गोष्ट काढली. आजी, जिचा पोरगा गेला होता ती, एवढंच म्हणाली, "झाडाला कामून शिव्या देता? झाडानं भट्टी लावली का?" झाड राहिलं.

म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतो की "बघ, त्यांची ती क्राफ्ट बिअर आणि आपली ती हातभट्टी, हा निव्वळ न्यूनगंड आहे, आपली दारू पण हेरिटेज आहे," तेव्हा मी मान हलवत नाही. हातभट्टीनं काय होतं ते मी पाहिलंय. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. आपल्याकडच्या गावागावांत बायांनी 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडलीत, त्या बायांना काही क्राफ्ट-हेरिटेजची भाषा माहीत नसेल, पण घरात रात्री काय होतं हे माहीत होतं. वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत, माझी त्यात भर नको.

आणि मराठवाड्यातल्या माणसाला बिअर म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे: पाणी. छत्रपती संभाजीनगरला बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. एक लिटर बिअरला धुण्या-थंड करण्यासकट कित्येक लिटर पाणी लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मे महिन्यात साठ टक्क्यांनी कमी करायला लावलं होतं. तेव्हा आमच्या गावात टँकरच्या मागं आम्ही घागरी घेऊन पळायचो. त्यामुळं हिंगोलीत मायक्रोब्रूअरी निघावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. हे वाक्य कोणी अर्धवट वाचून रेक्टर सरांना दाखवू नये.

मग म्हणणं काय आहे?

म्हणणं असं की त्या चारशे रुपयांतला मोठा भाग दारूचा नाहीच. दारू म्हणून पाहिलं तर ती साध्या बिअरएवढीच, साखरेचा अर्क. ते चारशे रुपये वासाचे आहेत. आणि त्या वासाच्या मागं एका फुलाकडं नीट बघणारी माणसं आहेत. कोणी त्याच्या तेलाचं पृथक्करण केलं, कोणी किती तापमानाला काय उडतं ते मोजलं, कोणी आंबताना यीस्ट त्या वासाचं काय करतं ते पाहिलं (यीस्ट जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे गुलाबाकडून लिंबाकडं नेतं, हे वाचून मी खुर्चीवरून उठलो होतो). फूल तेच, पण त्याला कोणीतरी अभ्यासाचा विषय मानलं.

आपण मोहाचं काय केलं? इंग्रजांनी 1892 मध्ये मुंबई इलाख्यात त्याच्यासाठी खास 'मोहवा कायदा' केला. फूल जमवण्यावर आणि बाळगण्यावर बंधन, कारण फूल म्हणजे चोरटी दारू आणि चोरटी दारू म्हणजे बुडालेला अबकारी कर. म्हणजे सरकारच्या कागदावर हे फूल आलं ते आरोपी म्हणून. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. आजीची टोपली कायद्याच्या नजरेत संशयितच राहिली. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं यावरची बंधनं उठायला 2021 साल उजाडलं. त्याच्या पुढच्या वर्षी मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवलं. म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांत या फुलाबद्दल दोनच गोष्टी बोलल्या गेल्या: आधी 'गुन्हा' आणि मग 'वारसा'. दोन्हींत मधोमध बाटली आहे. फुलाकडं कोणी बघितलं? त्याच्या कोणत्या झाडाचा वास जास्त, कोणत्या झाडाची साखर जास्त, पहाटे वेचलेलं आणि दुपारी वेचलेलं यात फरक काय, उन्हात वाळवलं तर वास किती जातो आणि सावलीत किती, हे सगळं माझ्या आजीला माहीत होतं. ती चार झाडांची फुलं वेगळी ठेवायची. "हे खायचं, हे बैलाचं." सोळा वर्षं सोडा, तिला कोणी सोळा मिनिटं विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता ती नाही.

मोहाचं राहू द्या, जंगल लांब आहे, आपल्याला परवडत नाही असं कोणी म्हणेल. मग घरासमोर या. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतहून हिंगोलीला एसटीनं या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजत असते, कुकरमधून वाफ निघत असते, आणि अख्ख्या जिल्ह्याला एकच वास येत असतो. आम्हा लोकांना तो वास येत नाही, कारण आम्ही त्यातच वाढलो. बाहेरचा माणूस मात्र खिडकी उघडून विचारतो, हे काय? 2024 मध्ये 'वसमत हळद' म्हणून भौगोलिक मानांकनही मिळालं. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागतात, बोली लागते, रंग बघतात, गाठ मोडून बघतात, वजन करतात. वासाची बोली लागलेली मी अजून ऐकली नाही. (कोणी ऐकली असेल तर मला जरूर सांगा, मी पुढच्या अंकात दुरुस्ती देईन.)

त्यातही गड्डा निदान बाजारात जातो. पाल्याचं काय? हळद काढायच्या आधी वरचा पाला कापतात. आमच्या वावरात तो बांधावर फेकतात, वाळला की काडी लावतात. हाच पाला कोकणात पातोळ्या वाफवायला वापरतात, कारण वाफ लागली की पानातला सुगंध पिठात उतरतो. हळदीच्या पानात स्वतःचं सुगंधी तेल असतं, त्यात फेलँड्रिन हा मुख्य घटक, गड्ड्याच्या तेलाहून वेगळा. म्हणजे आम्ही दरवर्षी एका सुगंधी तेलाला काडी लावतो आणि वर तोंडावर रुमाल धरतो.

आपल्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ लिगोची प्रयोगशाळा उभी राहतेय. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली, त्याची थरथर इथं मोजली जाणार. प्रोटॉनच्याही हजारो पट लहान हालचाल! मला त्याचा खरोखर अभिमान आहे, गावाकडं पाहुणे आले की मीच सांगतो. पण त्याच जिल्ह्यात हळदीच्या पाल्यात तेल किती आहे हे मोजायला लागणारं काचेचं उपकरण काही हजारांत येतं आणि आपल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबच्या कपाटात ते आहे. मी पाहिलंय. क्लेव्हेंजर. काचेतून दिसतं, कुलूप आहे. लॅब असिस्टंट काका म्हणाले, "फुटलं तर भरून कोण देणार?" काकांचंही बरोबर आहे, त्यांच्या पगारातून कापतात.

इथं माझे केमिकलचे मित्र म्हणतील, तू मेकॅनिकलचा, तुला काय करायचंय? अरे, मला तर जास्त करायचंय! वाफेवर तेल काढणं म्हणजे बॉयलर, कंडेन्सर, उष्णतेचा हिशोब. पुण्याच्या ब्रूअरीतही शेवटी काय असतं? जॅकेट लावलेल्या स्टीलच्या टाक्या, हीट एक्स्चेंजर, पंप आणि व्हॉल्व्ह. महाराष्ट्रात पहिली मायक्रोब्रूअरी 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' नावानं निघाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजी बोलीत गेलेला, अर्थ 'डोकं फिरलेला'. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत अडकून पडलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची म्हणे. डोकं फिरलेल्या माणसांनी का होईना, त्यांनी टाक्या उभ्या केल्या, तापमान अर्ध्या अंशात सांभाळलं. आपल्या विंगमधल्या डोकं फिरलेल्यांनी झाकण घट्ट लावलं. फरक हेतूचा नव्हता, अभ्यासाचा होता.

तरीही कोणाच्या मनात शंका नको म्हणून एकदाच लिहितो. घरी किंवा हॉस्टेलवर बिअर-वाईन बनवणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे, मग ती कितीही फुलांच्या वासाची असो. महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठीसुद्धा वय 21 लागतं आणि कडक दारूसाठी 25. आपल्यापैकी बहुतेकांचं बसत नाही. आणि ज्यांचं बसतं त्यांनी माझ्या मामांचा फोटो बघायला माझ्या खोलीत यावं. डागही तिथून जवळच आहे.

वासाला मात्र वयाची अट नाही. हॉप आपल्याकडं येणार नाही, त्याला लांब दिवसांचा उन्हाळा आणि थंड हिवाळा लागतो. भारतात तो हिमाचलमध्ये लाहौलच्या खोऱ्यात होतो. येऊही नये. आपल्याकडं ज्याला वास आहे आणि ज्याच्याकडं कोणी पाहिलेलं नाही, अशी यादी करायची म्हटली तर मेसच्या मावशीच अर्ध्या तासात वहीचं पान भरून देतील.

मी परवा विभागप्रमुख मॅडमना भेटलो. मेकॅनिकलच्या पोरानं केमिस्ट्री लॅबची किल्ली मागितली म्हणून त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, लेखी अर्ज दे, सोबत केमिकलचे दोन विद्यार्थी पाहिजेत, आणि रविवारी नाही, शनिवारी दुपारी. अर्ज दिला आहे. उपकरण फुटलं तर भरून देऊ असं हमीपत्रही चौघांच्या सहीनं दिलं आहे. त्या चौघांत बाटलीवाले दोघं केमिकलचे आहेत, त्यांना मी सांगितलंय की या वेळी आधी गणित, मग झाकण.

वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, पाला पुढच्या आठवड्यात कापायचाय, किती पाहिजे? मी म्हणालो, दोन पोती. ते म्हणाले, "एवढ्या लांब एसटीत पाला नेतोस? लोकं हसतील." मग थोडं थांबून म्हणाले, "ओला पाहिजे का वाळलेला?"

ते अजून मला माहीत नाही. म्हणून एक पोतं ओलं आणि एक वाळलेलं मागवलंय.